संमतिपत्र कोणाच्या सोयीसाठी?

1981 च्या हवा कायद्याचे कलम 21 सांगते : नियंत्रण क्षेत्रात प्रदूषण मंडळाच्या संमतीवाचून कारखाना चालविता येणार नाही. हा कायदा पुस्तकात असतानाच, भोपाळला जेमतेम वर्ष लोटले तोच, 4 डिसेंबर 1985 रोजी दिल्लीच्या श्रीराम कारखान्यातून ओलियम वायू फुटला. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 168 धोकादायक कारखाने राजधानीतून हटविण्याचा आदेश दिला. धूर मालकांचा, रोजगार मात्र गेला कामगारांचा! 2023 च्या जनविश्वास कायद्याने तर हवा कायद्यातील अनेक तरतुदींतला तुरुंगवास काढून 10 हजार ते 15 लाख रुपयांचा दंड आणला. विषाचा दर ठरला. तो धनिकांना सहज परवडतो. म्हणून संमतीचे अर्ज व धुराड्यांची मोजमापे जनतेपुढे उघडी झाली पाहिजेत; तपासणीत कामगार संघटनांना स्थान मिळालेच पाहिजे!