दाराआडची मजुरी

तालुक्याच्या गावी मजुरीचे दर लपून राहत नाहीत. कापसाच्या वेचणीला किलोमागे काय मिळते, सोयाबीनच्या सोंगणीचा ठेका कितीला गेला, निंदणाची रोजी काय पडली, हे नांदुऱ्याच्या बाजारात किंवा एस. टी. स्थानकावर कोणालाही विचारावे, उत्तर मिळते. बाजार समितीच्या आवारातील हमालीचा दरही हमाल, अडते आणि शेतकरी या तिघांना ठाऊक असतो. मात्र दुसऱ्याचे मूल दिवसभर सांभाळणाऱ्या बाईला काय मिळते, हे ती बाई जाणते आणि ते घर जाणते. शेजारच्या घरी हेच काम करणाऱ्या दुसऱ्या बाईलाही त्याचा पत्ता नसतो. या कामातील बहुतेक अन्यायांचे मूळ या अज्ञानात आहे.

नांदुरा हे बुलढाणा जिल्ह्याच्या घाटाखालच्या भागातले, भुसावळ-नागपूर लोहमार्गावरचे गाव. शिक्षिका, परिचारिका, बँकेतील व सरकारी कचेरीतील कर्मचारी अशा स्त्रियांची घरे आता तालुक्याच्या गावांतही आहेत. काहीजणी रोज मलकापूर, शेगाव किंवा अकोल्याला जाऊन येतात. सासू खेड्यावरच्या घरी, माहेर दूर. प्रसूतीची रजा संपत आली की मूल कोणाजवळ ठेवावे हा प्रश्न उभा राहतो. दुसऱ्या बाजूला भूमिहीन कुटुंबातल्या स्त्रिया आहेत. पूर्णेवरील जिगाव प्रकल्पात ज्यांची शेते गेली, त्यांच्या बांधावर मजुरीला जाणाऱ्या स्त्रियाही त्यांत आल्या. पेरणी, निंदण आणि वेचणी सोडली तर त्यांच्या हाताला काम नाही. फाल्गुनापासून मृगापर्यंतचे महिने कोरडे जातात. गरज दोन्हीकडे खरी आहे. पण या दोन गरजांची गाठ पडावी अशी जागा नाही.

जागा नसल्यामुळे ओळखीवर काम चालते. भांडी घासणारी बाई, बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालणारी म्हातारी, कोपऱ्यावरचा किराणा दुकानदार यांच्याकडे शब्द टाकला जातो. जो मध्यस्थ होतो तो बाईच्या सचोटीची हमीही घेतो. काम असे उपकार म्हणून पदरात पडले की पगाराचा आकडा उच्चारणे हाच उद्धटपणा ठरतो. 'तुम्ही समजून द्या' असे बाई म्हणते, आणि घर आपल्या सोयीने समजते. वेळ ठरत नाही, सुटी ठरत नाही. संध्याकाळची गाडी तासभर उशिरा आली तर बाई तासभर अधिक थांबते. तो तास कोणाच्याच हिशेबात येत नाही. उन्हाळ्यात कुटुंब महिनाभर गावी गेले तर त्या महिन्याचा पगार नाही, परंतु परत आल्यावर ती हजर हवी. आणि मूल नीट वाढून शाळेत जाऊ लागले की काम संपते. चार वर्षे इमानाने केलेल्या कामाचा शेवट एका जुन्या साडीने होतो.

या सर्वांवर पांघरूण घालणारा एक शब्द आहे, 'घरचीच'. 'बाई आमच्या घरचीच आहे' असे मालकीण म्हणते, आणि ते बहुधा मनापासून म्हणते. पण घरची म्हणजे कोण? घरची सून आणि घरची आजी मूल सांभाळतात त्याला मोल नाही. म्हणून त्यांच्या जागी येणाऱ्या स्त्रीचे मोलही त्या शून्यापासूनच मोजले जाते. दुधाची वेळ, तापाची पहिली खूण, दात येतानाची चिडचिड, चालू लागलेल्या पोराची पडझड हे सारे ओळखणे हे कौशल्य आहे, हे कोणी मान्य करत नाही. ते बाईच्या जातीला उपजत येते असे धरले जाते. जिजाऊंचे जन्मस्थान असलेले सिंदखेड राजा याच जिल्ह्यात आहे आणि दर 12 जानेवारीला तेथे मातृत्वाचा जयजयकार होतो. संभाजीराजांना दूध पाजणाऱ्या कापूरहोळच्या धाराऊचे नावही महाराष्ट्राने जपले आहे. आजच्या धाराऊंच्या वाट्याला गौरवही नाही आणि रीतसर पगारही नाही.

'घरची' या शब्दाचा खोटेपणा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उघडा पडतो. बाई कोणत्या आळीतली, आडनाव काय, ही चौकशी पगाराच्या आधी होते. जिच्या खांद्यावर मूल झोपते तिचा कप वेगळा ठेवणारी घरे अजून आहेत. दलित, आदिवासी आणि मुसलमान स्त्रियांना तर कित्येक दारे ठोठावण्याआधीच बंद असतात. ओळखीवर चालणारा बाजार हा जातीवर चालणारा बाजार असतो. कारण माणसाची ओळख आपल्या आळीपलीकडे सहसा जात नाही.

नोकरी करणारी मालकीण ही या गोष्टीतली खलनायिका आहे, असे मात्र समजू नये. तिचा पगारही बेताचा असतो आणि मूल वाढवण्याचा सारा भार समाजाने तिच्या एकटीवर टाकलेला असतो. 2017 च्या दुरुस्तीने प्रसूतीची रजा 26 आठवड्यांची झाली आणि 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची सक्ती आली. पण तालुक्याच्या गावी पन्नास माणसांची आस्थापने किती असणार? अंगणवाडी 1975 पासून आली, तीही दिवसाचे काही तासच. तेव्हा एक अपुरा पगार दुसऱ्या त्याहून अपुऱ्या पगारावर उभा राहतो. आणि त्या दुसऱ्या बाईचे मूल? ते तिची आठ-दहा वर्षांची मुलगी शाळा बुडवून सांभाळते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला हेच पाहिले होते. धाकट्या भावंडाला काखोटीला मारलेली मुलगी शाळेत येऊ शकत नाही, म्हणून त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकत्र आणली. प्रश्नाचे उत्तर इतक्या वर्षांपूर्वी सापडले होते.

शासनानेही ते एका ठिकाणी स्वीकारले होते. महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेत कामाच्या जागी पाळणाघराची तरतूद होती. पुढे 2005 च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्याने असा नियम केला की कामावर सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असतील तर त्यांना सांभाळण्यासाठी एका स्त्रीची नेमणूक करावी आणि तिला इतरांइतकीच मजुरी द्यावी. अंमलबजावणी कशी झाली हा निराळा विषय. पण मूल सांभाळणे हे माती खोदण्याइतकेच मोलाचे काम आहे, हे तत्त्व त्या नियमाने मान्य केले.

घराच्या दाराआड मात्र कायदा बिचकत शिरतो. 14 वर्षांखालील मुलांना घरकामास ठेवण्यावर 10 ऑक्टोबर 2006 पासून बंदी आली. तरी 'शिकवू, खाऊ-पिऊ घालू' म्हणून खेड्यातून मुलगी आणण्याची चाल नष्ट झालेली नाही. महाराष्ट्राने 2008 मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. त्यात नोंदणी आहे, अपघात, प्रसूती आणि मुलांचे शिक्षण यांसाठी साहाय्य आहे. पण कामाचे तास, आठवड्याची सुटी आणि मजुरी यांचे बंधन मालकावर घालणारा तो कायदा नव्हे. 2013 च्या लैंगिक छळविरोधी कायद्याने घर हेही कामाचे ठिकाण मानले; परंतु तक्रारीसाठी घाटावरच्या बुलढाण्याची जिल्हा समिती नांदुऱ्याच्या बाईला कशी सापडावी? आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरकामगारांविषयीचा 189 क्रमांकाचा करार 2011 मध्ये संमत केला; भारताने त्याला अनुमोदन दिलेले नाही. 29 जानेवारी 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने घरकामगारांसाठी कायदा करण्याचा विचार करायला समिती नेमा, असे केंद्राला सांगितले. स्वातंत्र्यानंतर पाऊणशे वर्षांनी न्यायालयाला हे सांगावे लागले.

कायद्याची वाट पाहत बसण्याचे मात्र कारण नाही. 1980 मध्ये पुण्याच्या मोलकरणींनी काम बंद केले, तेव्हा त्यांच्या पाठीशी कोणताही कायदा नव्हता. त्या संपातून संघटना उभी राहिली; पगारी सुटी आणि दिवाळीला एका महिन्याचा पगार हे हक्क म्हणून मागता येऊ लागले. त्या स्त्रिया वेगवेगळ्या दारांआडून बाहेर येऊन एकमेकींशी पगाराविषयी बोलल्या, आणि तेथून सुरुवात झाली. हमालांचेही तसेच झाले. मालक अनेक, काम आज एकाकडे उद्या दुसऱ्याकडे, तरीही 1969 च्या माथाडी कायद्याने नोंदणी, मजुरी आणि भविष्यनिर्वाह निधी यांची जबाबदारी मंडळाकडे दिली. घरकामाला हाच साचा लागू होणार नाही असे म्हणणाऱ्यांनी त्याचे कारण द्यावे.

नांदुऱ्यासारख्या गावी आज करण्याजोग्या चार गोष्टी आहेत. पहिली, मूल सांभाळणाऱ्या आणि सांभाळू इच्छिणाऱ्या स्त्रियांची नोंद; ती कल्याण मंडळाकडे व्हावी आणि कार्यकर्त्यांच्या वहीतही असावी. काम हवे असलेल्या बाईने आणि बाई हवी असलेल्या घराने या वहीकडे यावे. आडनावाची चौकशी तेथे होऊ नये. दुसरी, स्त्रियांच्या बैठकीत ठरलेले दरपत्रक: आठ तासांचा पगार, जादा तासाचा दर, आठवड्याची सुटी, आजारपणाची रजा, दिवाळीचा एक पगार. तिसरी, हे सारे लिहिलेला एक कागद, दोघींच्या सहीचा किंवा अंगठ्याचा. चौथी आणि सर्वांत मोठी, नगर परिषदेकडे पाळणाघराची मागणी. केंद्राच्या 2022 पासूनच्या पाळणा योजनेत अंगणवाडीला जोडून पाळणाघर चालवण्याची सोय आहे. बेताच्या पगाराच्या घराला एकट्याने पुरा पगार परवडत नाही, हा आक्षेप खरा आहे. त्याचे उत्तर बाईचा पगार कापणे हे नसून खर्च सार्वजनिक करणे हे आहे. तेथे काम करणाऱ्या स्त्रियांना प्रशिक्षण आणि वेतन मिळेल, आणि शिक्षिकेचे मूल व मजूर बाईचे मूल एका सतरंजीवर वाढेल.

या कामाला आरंभ कार्यकर्त्यांच्या घरापासून व्हावा. मोर्चात समतेच्या घोषणा देणाऱ्या घरातही बाईच्या सुटीचा हिशेब नसतो आणि मोर्चा लांबला म्हणून ती रात्री आठपर्यंत थांबलेली असते. ज्या घरातून दरपत्रकाची बैठक बोलवायची, त्या घरच्या बाईला त्या बैठकीला यायची मोकळीक आणि त्या वेळेचा पगार आधी मिळाला पाहिजे. वेचणीचा दर जसा गावाला ठाऊक असतो, तसा मूल सांभाळण्याचा दर ज्या दिवशी नांदुऱ्याच्या बाजारात कोणालाही सांगता येईल, त्या दिवशी या कामातला उपकार संपेल आणि रोजगार सुरू होईल.