दुसरी संधी फक्त मुलांनाच का?

नीटचा निकाल लागला की आमच्या मुरूडमध्ये दोन प्रश्न ऐकू येतात. मुलगा असेल तर, "रिपीट करणार ना?" मुलगी असेल तर, "आता पुढे काय?"

गेल्या वर्षी माझ्या भाचीचा सरकारी एमबीबीएसचा नंबर थोडक्यात हुकला. तिच्या थोरल्या भावाला रिपीटसाठी लातूरला ठेवले होते. कुवेतहून वडिलांनी त्याचे पैसे धाडले. भाचीच्या वेळी मात्र घरात स्थळाची चर्चा सुरू झाली. बहीण मला म्हणाली, "भाई, एकदा कमी मार्क पडलेल्या मुलीला कॉलेज पुन्हा घेईल का?"

हा गैरसमज अनेक घरांत आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. नीटमध्ये प्रवेश त्या वर्षीच्या गुणांवरच मिळतो. आधीचे गुण कोणी बघत नाही, त्यांची सरासरीही काढत नाहीत. अमेरिकेत एमकॅट ही परीक्षा आयुष्यात सातच वेळा देता येते आणि कॉलेजांना आधीचे गुणही दिसतात. आपल्याकडे प्रयत्नांना मर्यादा नाही. वयाची कमाल अटही 2022 मध्ये काढून टाकली.

पण रिपीट म्हणजे हमी नव्हे. दरवर्षी कटऑफ बदलतो. 2024 च्या पहिल्या निकालात 67 जणांना 720 पैकी 720 गुण होते. आदल्या वर्षी ज्या गुणांवर सरकारी कॉलेज मिळाले, त्या गुणांवर त्या वर्षी मिळाले नाही. 2021 पासून अलिबागला सरकारी मेडिकल कॉलेज आहे, पण रायगडचे म्हणून आपल्या मुलांना तिथे वेगळ्या जागा नाहीत. म्हणून गुण नेमके कुठे गेले, हे आधी तपासावे. किती वर्षे द्यायची तेही आधीच ठरवावे आणि बीएएमएस, नर्सिंग, फार्मसीचा पर्याय उघडा ठेवावा. हा हिशेब मुलाला आणि मुलीला एकच लावावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

परीक्षा मुलामुलींत फरक करत नाही. तो आपण घरात करतो. क्लास पनवेल-मुंबईला, मुलींसाठी खात्रीचे हॉस्टेल सापडत नाही आणि खर्च लाखाच्या घरात, या अडचणी खऱ्या आहेत. पण आपल्या जमाती दरवर्षी गुणगौरव समारंभ करतात. शाली, ट्रॉफ्या, जेवण. ज्याला सीट मिळाली त्याचा सत्कार होतो. जिची थोडक्यात हुकली तिला कोणी विचारत नाही. त्या खर्चातला अर्धा भाग रिपीट करणाऱ्या मुलींच्या फीसाठी ठेवता येईल. गावात मुलींसाठी अभ्यासिका आणि पनवेलला एक भाड्याची खोली, एवढ्यापासून सुरुवात करता येईल.

भाची मला म्हणाली होती, "मामू, मला एकच वर्ष द्या." भावाला न मागता मिळालेले वर्ष तिला मागावे लागले, याची मला लाज वाटली. बहिणीने स्थळवाल्यांना थांबायला सांगितले आहे. चांगले लोक असतील तर थांबतील. या वर्षीचा निकाल काहीही लागो, तिचा हक्क तिला मिळाला.