वावर विकून कोकणात होमस्टे? आधी हे गणित करा



मागच्या बॅचमध्ये एका भावाने विचारलं, "सर, इथलं दोन एकर वावर विकतो अन् दापोलीकडे घरासकट एक एकर घेतो. होमस्टे टाकतो. कसं राहील?"

माझं मत सरळ आहे. स्वतःला राहायला घर पाहिजे असेल आणि पैसा मोकळा असेल तर खुशाल घ्या. पण धंदा म्हणून घेणार असाल, तर आधी एक सीझन दुसऱ्याचं घर भाड्याने घेऊन चालवा. खरेदी त्यानंतर.

का? चला, कागद-पेन घ्या.

समजा, घर-जमिनीत 50 लाख गेले. तेच पैसे एफडीत 7 टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला साडेतीन लाख येतात, काहीच न करता. आता होमस्टेच्या दोन खोल्या, एका रात्रीचे 2,000 रुपये धरा. साडेतीन लाखांसाठी 175 बुकिंग लागतात. राखणदाराचा पगार महिना 12,000 धरला, की आणखी 72. लाईट, रंग, दुरुस्ती 80,000 धरली, की आणखी 40. झाले 287. म्हणजे प्रत्येक खोली वर्षात 144 रात्री भरली पाहिजे, तेव्हा कुठे तुम्ही एफडीच्या बरोबरीला येता!

ऑक्टोबर ते मे शनिवार-रविवार धरले तर साधारण 70 रात्री होतात. दिवाळी, नाताळ, मे महिन्याच्या 30 जोडा. शंभर झाल्या. बाकीच्या 44 कुठून आणणार?

"पण सर, जमिनीचा भाव वाढेल ना?" वाढेलही. पण वाढलेल्या भावातून दर महिन्याचा हप्ता भरता येत नाही.

दुसरं, कागदपत्रं. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला तुम्ही शेतकरी असल्याचा पुरावा लागतो. इथलं सगळं वावर आधी विकून बसलात, तर तिथे खरेदीच्या वेळी अडचण येऊ शकते. कोकणातल्या सातबाऱ्यावर बऱ्याचदा दहा-पंधरा सामाईक नावं असतात, अर्धे वारस मुंबईत. एक जण अडला की व्यवहार अडला. इतर हक्कात कुळाचं नाव आहे का, खाजगी वनाचा शेरा आहे का, भोगवटादार वर्ग 2 आहे का, हे तिथल्या वकिलाकडून तपासून घ्या. आणि जाहिरातीत "समुद्रापासून 150 मीटर" दिसलं की सावध व्हा. 2019 च्या सीआरझेड अधिसूचनेनुसार विरळ वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून 200 मीटर ना-विकास क्षेत्र असतं.

तिसरं, अंतर. समृद्धी जून 2025 मध्ये पूर्ण सुरू झाला, मुंबई जवळ आली, मान्य. पण दापोली मुंबईहून आणखी दोनशेच्या वर किलोमीटर आहे. तिथे आपल्या तीन-चार पट पाऊस पडतो. जून 2020 च्या निसर्ग वादळाने रायगड आणि दापोलीकडची घरं, नारळ-सुपारीच्या बागा झोपवल्या होत्या. कौलं उडाली तर नांदगाव खंडेश्वरहून तुम्ही कधी पोहोचणार? मी दुकान चालवतो, म्हणून सांगतो: मालक गल्ल्यावर नसला की चार दिवसांत फरक दिसतो. इथे तर मालक राज्याच्या दुसऱ्या टोकाला.

म्हणून एक सीझन स्वतः तिथे राहा. चादरी बदला, पाहुण्यांच्या तक्रारी ऐका, रोजचा हिशेब वहीत लिहा. मे संपल्यावर वही उघडा. आकडे हो म्हणाले तर घ्या.

नाही म्हणाले तर भाड्याचे पैसे गेले असं समजू नका. तुमचं वावर वाचलं.

पुढच्या व्हिडिओत सातबारा कसा वाचायचा ते बघू.