विश्लेषण : गाडीतील अ‍ॅम्प्लिफायर सारखा बंद का पडतो? मोठा फ्यूज हा उपाय का नाही?

कसारा हे लोकलचे शेवटचे स्थानक. पुढे नाशिक गाठायचे तर अनेकांना शेअर टॅक्सीच सोयीची. भर पावसात अशाच एका टॅक्सीतून घाट चढताना गाणे मध्येच थांबले. थोड्या वेळाने सुरू झाले, पुन्हा थांबले. चालकदादा वैतागले होते. ‘तीसचा फ्यूज उडायचा म्हणून साठचा टाकला, तरी तेच!’ गाण्याचे मला काही वाटले नाही. त्या साठच्या फ्यूजची मात्र धास्ती वाटली.

अ‍ॅम्प्लिफायर स्वतःहून बंद का होतो?

तो बिघडलेलाच असतो असे नाही. तापमान वाढले, व्होल्टेज घसरले किंवा स्पीकरच्या वायरी एकमेकींना चिकटल्या, की आतले संरक्षक सर्किट त्याला थांबवते. बऱ्याच अ‍ॅम्प्लिफायरवर त्या वेळी ‘प्रोटेक्ट’चा लाल दिवा लागतो.

दोष कसा शोधायचा?

तो केव्हा बंद पडतो, ते आधी पाहा. अर्ध्या तासाने बंद पडून गार झाल्यावर सुरू होत असेल, तर उष्णता. सीटखाली, मॅटमध्ये गुंडाळलेल्या अ‍ॅम्प्लिफायरला हवा मिळत नाही. ढोल-बेसच्या ठोक्याला बंद पडत असेल, तर व्होल्टेज. खड्ड्यात आदळल्यावर पडत असेल, तर सैल जोडणी किंवा बॉडीला घासलेली वायर. सुरू करताच पडत असेल, तर स्पीकरच्या वायरी काढून पाहा. तरीही लाल दिवा कायम असेल, तर बहुधा दोष आत आहे.

स्पीकर वाढवले तरी असे होते. ४ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले, की भार २ ओहमचा होतो. तेवढा पेलण्याची अ‍ॅम्प्लिफायरची क्षमता आहे का, हे जोडण्याआधीच पाहावे.

घाटातच जास्त का?

अल्टरनेटरची वीज इंजिनाच्या वेगावर अवलंबून असते. घाटातल्या कोंडीत इंजिन मंद फिरते, त्याच वेळी वायपर, हेडलाइट, पंखा सगळे सुरू असते. ५०० वॉट खरोखर बाहेर काढणारा साधा अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण आवाजात सुमारे ६० अँपिअर ओढू शकतो. मग बॅटरीवर ताण येतो आणि व्होल्टेज घसरते.

हे मल्टिमीटरने कळते. गाणे मोठ्याने लावून आधी बॅटरीवर आणि मग अ‍ॅम्प्लिफायरच्या टर्मिनलवर मोजा. बॅटरीवर १३.८ आणि इकडे ११ व्होल्ट दिसले, तर दोष बारीक वायरीत किंवा अर्थिंगमध्ये आहे. अर्थिंगचा स्क्रू रंगावर बसवलेला असेल, तर रंग खरवडून उघड्या धातूवर घट्ट बसवा. स्वस्त किटमधली वायर अनेकदा तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमची असते. त्याच जाडीच्या शुद्ध तांब्यापेक्षा तिचा रोध जास्त असतो.

मोठा फ्यूज का नको?

बॅटरीजवळचा फ्यूज हा मुख्यतः वायरीच्या रक्षणासाठी असतो. बॅटरीपासून येणारी वायर वाटेत कुठे पत्र्याला घासून शॉर्ट झाली, तर अ‍ॅम्प्लिफायरच्या संरक्षक सर्किटला त्याचा पत्ताही लागत नाही. तिथे फ्यूजच धावून येतो. ३० अँपिअर पेलणाऱ्या वायरीवर ६०चा फ्यूज टाकला, तर फ्यूज शाबूत राहतो आणि वायर तापते. वरचे प्लास्टिक वितळते. जवळ फोम, रेक्झिन असेल तर आग लागायला वेळ लागत नाही.

खासगी गाडीत हा धोका मालक स्वतःपुरता पत्करतो. प्रवासी गाडीत तो मागे बसलेल्यांच्याही वाट्याला येतो, त्यांना न विचारता. म्हणून फ्यूज वायरीच्या जाडीनुसार, बॅटरीपासून हातभर अंतराच्या आतच बसवायला हवा. फ्यूज पुन्हा उडाला, तर नवा टाकण्याआधी कारण शोधायला हवे. साउंड बसवणाऱ्याने ‘मोठा टाकून देतो’ म्हटले, तर सरळ नकार द्यावा.

बंद पडणारा अ‍ॅम्प्लिफायर इशारा देत असतो. त्या दादांना मी एवढेच म्हणालो, आज गाणे राहू द्या, नाशिकला पोहोचल्यावर आधी वायर तपासा.