बारा वर्षांखालील मूल, हे सिद्ध कोण करणार?



लहान मुलांवरील अत्याचाराची बातमी आली की फाशीची मागणी होते. संताप रास्तच असतो. २०१९ मध्ये संसदेने पोक्सो कायद्यातल्या शिक्षा वाढवल्या, २०२१ च्या डिसेंबरात आपल्या विधिमंडळाने ‘शक्ती’ विधेयक मंजूर केले. शिक्षा किती असावी यावर पुष्कळ बोलून झाले आहे. ती वाढीव शिक्षा लागू होण्यासाठी न्यायालयात काय सिद्ध करावे लागते, यावर मात्र कोणी बोलत नाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापक होतो. मुलीच्या वयाचा पुरावा म्हणून शाळेचे जनरल रजिस्टर घेऊन सत्र न्यायालयात साक्षही दिली आहे. म्हणून हे पत्र.

पोक्सोची कलमे ५ आणि ९ गुन्ह्याचे गंभीर स्वरूप ठरवतात. मूल बारा वर्षांखालील असेल, आरोपी नात्यातला किंवा त्याच घरात राहणारा असेल, शाळेच्या सेवेत असेल, अत्याचार एकाहून अधिक वेळा झाला असेल, तर गुन्हा वरच्या पायरीवर जातो. अयोग्य स्पर्शाच्या गुन्ह्याला एरवी तीन ते पाच वर्षे. तेच मूल बारा वर्षांखालील ठरले की पाच ते सात. सतरा वर्षांच्या मुलीवर बलात्कार झाला तर किमान दहा वर्षे; पण तो करणारा तिच्याच शाळेचा कर्मचारी आहे हे शाबीत झाले तर किमान वीस. म्हणजे वयाचा एक दाखला किंवा नेमणुकीचा एक कागद किमान शिक्षा दुप्पट करू शकतो. तो नसेल तर गुन्हा सिद्ध होऊनही खालच्या कलमावर येतो.

वयाचेच पाहा. बालन्याय कायद्याच्या कलम ९४ नुसार आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिका, नगरपालिका वा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय चाचणी. शाळेचे नाव पहिले असल्याने तपास अधिकारी शाळेतून बोनाफाईड घेतात आणि वयाचा प्रश्न मिटला असे समजतात. पण आमच्या रजिस्टरातल्या तारखा कशा येतात हे प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे. एकेका वर्गात १ जूनला जन्मलेली किती मुले सापडतात ते कोणीही उघडून पाहावे. ऊसतोडीला जाणारे आईबाप मुलाला घेऊन येतात, हातात कागद नसतो, आणि शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे केवळ वयाच्या पुराव्याअभावी प्रवेश नाकारता येत नाही. प्रवेश न नाकारणे योग्यच आहे, पण मग तारीख अंदाजाने लिहिली जाते. मुलाने शाळेत यावे म्हणून दिलेली ही सवलत सत्र न्यायालयात मात्र टिकत नाही.

बचाव पक्षाचे वकील पहिला प्रश्न विचारतात: ही तारीख कोणाच्या सांगण्यावरून लिहिली? दुसरा: नोंद तुमच्या हातची आहे का? ज्या गुरुजींनी नोंद केली त्यांची बदली होऊन वर्षे लोटलेली असतात. मी साक्षीला उभा होतो तेव्हाही नोंद माझ्या कारकिर्दीच्या आधीची होती, आणि जन्मतारखेच्या रकान्याला आधार देणारा एकही कागद प्रवेश अर्जाला जोडलेला नव्हता. त्या मुलीच्या जन्माची नोंद ग्रामपंचायतीत होती. ती आणण्यासाठी कोणी गेलेच नव्हते.

नोंदीमागची माहिती देणारा साक्षीला आला नाही तर शालेय नोंदीला फारसे वजन राहत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच एका निवडणूक खटल्यात सांगितले. २०२३ मध्ये तामिळनाडूतल्या एका पोक्सो खटल्यात त्याच न्यायालयाने ट्रान्सफर सर्टिफिकेट कलम ९४ मध्ये बसत नाही असे म्हणून दोषसिद्धी रद्द केली. हाडांच्या चाचणीने तर बारा वर्षांची रेषा ठरतच नाही. तिच्यात दोनेक वर्षे इकडेतिकडे होतात आणि संशयाचा फायदा आरोपीला मिळतो. तो मिळालाच पाहिजे. वीस वर्षे कोणाला तुरुंगात टाकायचे तर पुरावा पक्काच हवा. पोक्सोच्या कलम २९ मुळे सिद्धतेचे सारे ओझे आरोपीवर जाते हा समजही अपुरा आहे. ती पीडित व्यक्ती कायद्याने ‘बालक’ आहे, हे आधी सरकार पक्षालाच दाखवावे लागते.

नात्याचे तसेच. आईबरोबर राहणारा पुरुष मुलीचा कोण लागतो हे सगळ्या आळीला माहीत असते, म्हणून जबाबात कोणी लिहीत नाही. त्याच घरात राहणे कायद्याला पुरेसे आहे. त्यासाठी शिधापत्रिका, घरमालक, शेजारी यांचे पुरावे लागतात. बदलापूरच्या शाळेतल्या २०२४ च्या अत्याचार प्रकरणानंतर शाळांत ठेकेदारामार्फत आलेली माणसे किती आहेत हे राज्याला कळले. अशा माणसाला ‘शाळेचा कर्मचारी’ म्हणायचे तर ठेक्याचा करार आणि हजेरीपट लगेच ताब्यात घ्यावा लागतो. महिन्याभराने तो मिळेलच याची खात्री नसते.

मला सर्वांत जास्त टोचते ते ‘वारंवार’. जबाबात टंकलिखित वाक्य असते: आरोपीने वारंवार अत्याचार केला. उलटतपासणीत या एका शब्दाच्या चिंध्या होतात. नऊ वर्षांच्या मुलाला तारखा सांगता येत नाहीत. पण गणपती बसले होते, सहामाहीचे पेपर चालू होते, आई माहेरी गेली होती, हे ते नेमके सांगते. मी तीस-तीस मुलांच्या वर्गांत वर्षानुवर्षे हे ऐकत आलो आहे. दोन प्रसंग असे वेगवेगळे, मुलाच्याच शब्दांत नोंदवले तर वाढीव कलमाला पाया मिळतो. त्यासाठी घाई न करणारी, मुलांशी बोलता येणारी अधिकारी हवी.

१ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशाला जन्मदाखलाच ग्राह्य धरला जाणार आहे. चांगले झाले. पण आज न्यायालयात उभी असलेली मुले त्याआधीची आहेत. त्यांच्यासाठी गृह विभागाने परिपत्रक काढावे. तपासाला कायद्याने दोन महिने आहेत. त्या मुदतीत मूळ रजिस्टर व प्रवेश अर्ज पाहिला का, ग्रामपंचायत वा पालिकेची जन्मनोंद काढली का, तारीख सांगणाऱ्या पालकाचा जबाब घेतला का, आणि लावलेल्या प्रत्येक पोटकलमामागे कोणता साक्षीदार व कोणता कागद आहे, याचे एक पान आरोपपत्राला जोडणे सक्तीचे करावे. सरकारी वकिलांनी त्यावर सही केल्याशिवाय आरोपपत्र दाखल होऊ नये.

माझ्या नावावरून शाळा आणि शाळेवरून मूल ओळखले जाऊ शकते, म्हणून माझे नाव छापू नये ही विनंती.

– एक निवृत्त मुख्याध्यापक, जि. सातारा