धान विकावे की तांदूळ?



भंडारा म्हटले की पितळेची भांडी, तलाव आणि धान आठवते. वैनगंगेच्या खोऱ्यातला हा जिल्हा 1 मे 1999 रोजी गोंदिया वेगळा झाल्यावर सात तालुक्यांचा उरला. पण तुमसर, मोहाडीपासून पवनी, लाखांदूरपर्यंत खरिपाचे मुख्य पीक आजही धानच आहे. आषाढ-श्रावणात बांध्यांमध्ये रोवणी होते आणि दिवाळीच्या आसपास चुरणी करून पोती भरली जातात. त्यानंतर घरोघर एकच प्रश्न उभा राहतो: धान आताच विकायचे, की थांबायचे?

गावात छोटा उद्योग काढायचा विषय निघाला की आपल्याकडे बोलणे लगेच यंत्रावर जाते. छोटी राईस मिल घेऊ, पोह्यांची भट्टी टाकू, अनुदान मिळते आहे तर अर्ज भरू. अनुदान मिळतेही. 2020 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत प्रकल्पखर्चाच्या 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख रुपयांपर्यंत, कर्जाशी जोडलेले अनुदान ठरवलेले आहे. परंतु आमचे म्हणणे असे आहे की धानपट्ट्यातील लहान शेतकऱ्याची अडचण यंत्राच्या आधी सुरू होते. त्याच्याकडे दिवाळी ते उन्हाळा एवढे दिवस थांबण्याची ताकद नसते.

का नसते, हे प्रत्येक घरातील बाईमाणसाला ठाऊक आहे. खताची उधारी, ट्रॅक्टरचे भाडे, कापणी-चुरणीची मजुरी, मुलाची फी आणि घरात ठरलेले लग्न हे सगळे देणे एकाच महिन्यात दारात येते. सरकारी खरेदी केंद्रावर हमीभाव मिळतो. 2025-26 च्या हंगामासाठी साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला 2,369 रुपये होता. पण तिथे नंबर लागावा लागतो, धानात 17 टक्क्यांपेक्षा जास्त ओल चालत नाही आणि चुकारे लांबले तर हात बांधले जातात. मग गरजू माणूस ओले-सुके धान मिळेल त्या भावाने व्यापाऱ्याला देतो. त्याच धानाचा तांदूळ होऊन पुढे विकला जातो, तेव्हा मधला फायदा थांबू शकणाऱ्याकडे जातो.

आता घरच्या वहीत मांडता येईल असा एक हिशेब करू. आकडे अंदाजाचे आहेत, आपण आपल्या गावचे घालावेत. समजा घरात 10 क्विंटल धान आहे. हमीभावाने त्याचे 23,690 रुपये होतात. त्याऐवजी ते गावच्या मिलवर भरडले आणि क्विंटलमागे 62 किलो चांगला तांदूळ निघाला, तर 620 किलो झाला. भरडाई, बारदाना आणि वाहतूक यांना किलोमागे 3 रुपये धरले तर 1,860 रुपये खर्च. हा तांदूळ 45 रुपयांनी विकला गेला तर 27,900 रुपये येतात. खर्च वजा जाता 26,040. म्हणजे धान विकण्यापेक्षा 2,350 रुपये जास्त, शिवाय कनकी आणि कोंडा घरच्या गाई-कोंबड्यांना.

पण तोच तांदूळ 40 रुपयांनीच गेला तर? 24,800 येतील, खर्च वजा जाता 22,940 उरतील. म्हणजे इतके कष्ट करून 750 रुपये गमावले. किलोमागे अवघ्या 5 रुपयांवर नफ्याचा तोटा होतो. या हिशेबात यंत्र कुठेच आलेले नाही, कारण भरडाई तर गावच्या मिलमध्येही होते. फरक पडतो तो दोन गोष्टींनी: 45 रुपये देणारा गिऱ्हाईक आधी माहीत होता का, आणि तो येईपर्यंत घराला पैशांची निकड लागली का.

गिऱ्हाइकाचा विचार आधी करू. साध्या तांदळात 5 रुपये जास्त मिळवणे कठीण आहे, कारण बाजार त्याने भरलेला असतो. भंडाऱ्याजवळ मात्र चिन्नोर आहे. या सुगंधी तांदळाला ‘भंडारा चिन्नोर’ म्हणून भौगोलिक मानांकन मिळाले आहे. शेजारच्या मध्य प्रदेशात बालाघाटच्या चिन्नोरलाही 2021 मध्ये ते मिळाले. चिन्नोरचा उतारा कमी असतो, त्यामुळे सगळी शेती त्याखाली आणणे शहाणपणाचे नाही. एखादी बांधी लावावी, बियाणे शुद्ध ठेवावे आणि त्याला त्याच्या नावानेच विकावे.

नावाची किंमत काय असते, हे आपल्या शेजारच्याच चंद्रपूर जिल्ह्याने पाहिले आहे. नागभीड तालुक्यातील नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे हे दीड एकराचे शेतकरी. 1983 च्या सुमारास ‘पटेल-3’ या धानात त्यांना काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या जपल्या, वर्षानुवर्षे लावून पाहिल्या आणि त्यातून बारीक दाण्याची एक नवी जात उभी केली. तिला ‘एचएमटी’ हे नाव मात्र एका व्यापाऱ्याने दिले, तेव्हाच्या लोकप्रिय घड्याळावरून. तो तांदूळ दूरदूर पोचला. दादाजींना सन्मान मिळाले, पण 2018 मध्ये ते गेले तेव्हाही घरची गरिबी सरलेली नव्हती. ज्याने पिकवले त्याच्या हातात नाव, पोते आणि गिऱ्हाईक नसेल, तर कमाई पुढच्या हाताकडे जाते.

आता दुसरी गोष्ट, थांबण्याची. धान तांदळापेक्षा चांगले टिकते, कारण तूस दाण्याला कीड आणि ओल यांपासून जपते. म्हणून सगळे एकदम भरडू नये. नीट वाळवून, ओल 14 टक्क्यांच्या आत आणून धानच साठवावे आणि मागणीप्रमाणे भरडावे. शिवाय जुना तांदूळ मोकळा शिजतो. पुलाव-बिर्याणी करणारी कोणतीही अम्मी किंवा खाला नव्या तांदळापेक्षा जुना मागते आणि त्याला दोन पैसे जास्त देते. म्हणजे थांबण्यालाही भाव आहे.

थांबण्यासाठी सरकारी सोयही आहे. राज्य कृषी पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत बाजार समितीच्या गोदामात धान ठेवून त्याच्या किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत रक्कम 180 दिवसांसाठी 6 टक्के दराने मिळते. वरच्या हिशेबातील धानावर सुमारे 17,767 रुपये मिळतील आणि सहा महिन्यांचे व्याज सुमारे 533 रुपये होईल. आपल्या बाजार समितीत ही योजना चालू आहे का, ते कापणीपूर्वीच विचारून ठेवावे.

मात्र आपल्यापैकी अनेक घरांना व्याजाचा व्यवहार नको असतो. त्यांच्यासाठी आपल्याच परंपरेत एक वाट आहे, आणि ती शेतीसाठीच निघालेली आहे. मदीनेत खजुराच्या पिकासाठी लोक एक-दोन वर्षे आधी पैसे देत असत. पैगंबर साहेबांनी (सल्ल.) हा व्यवहार चालू राहू दिला, पण माप, वजन आणि मुदत नक्की ठरलेली असावी अशी अट घातली. यालाच ‘सलम’ म्हणतात. गिऱ्हाईक ठरलेली किंमत आधीच पूर्ण देतो आणि शेतकरी ठरलेल्या दिवशी ठरलेल्या प्रतीचा माल देतो. मालाची जात, प्रत, वजन, तारीख आणि देण्याची जागा लिहून ठेवावी. अमुक एका शेतातलाच माल अशी अट घालू नये, कारण ते शेत बुडाले तर व्यवहार भांडणावर येतो. बारकावे जाणकार आलिमांना विचारून घ्यावेत.

आता हे भंडाऱ्यात बसवून पाहा. नागपूर इथून 60-65 किलोमीटरवर आहे. विदर्भात वर्षाचा तांदूळ एकदम भरून ठेवणारी घरे आजही आहेत. अशा दहा घरांनी रोवणीच्या वेळी एकेक क्विंटल चिन्नोरचे पैसे गावातील एखाद्या महिला बचत गटाला आधी दिले, तर गटाला खतासाठी उधारी करावी लागणार नाही आणि गिऱ्हाईकही आधीच बांधलेला असेल. शहरातल्या घराला बाजारापेक्षा थोड्या कमी भावात ओळखीचा तांदूळ मिळेल. ही खैरात नाही, दोन्ही बाजूंच्या फायद्याचा सौदा आहे. पाऊस फसला तर काय, हा प्रश्न उरतोच. म्हणून गटाने पिकाच्या अंदाजाच्या निम्म्याहून जास्त माल आगाऊ विकू नये.

गट पुढे वाढला तर कंपनीही होता येते. 2002 च्या कायदा-दुरुस्तीपासून किमान दहा उत्पादक एकत्र येऊन उत्पादक कंपनी काढू शकतात. पण कंपनीचा फलक लावण्याआधी दोन हंगाम वही नीट लिहावी. किती धान भरडले, किती तांदूळ, कनकी आणि कोंडा निघाला, कोणाला कोणत्या भावाने दिले आणि कोणाकडून येणे आहे, हे ज्या गटाला वहीतून सांगता येते, त्याला बँकही दारात उभे करते आणि गिऱ्हाईकही. या वहीत घरातील बायकांची मजुरीही लिहावी. पाखडणे, निवडणे, भरणे हे काम फुकट धरले की प्रत्येक धंदा फायद्याचाच दिसतो.

आमची सूचना एवढीच: या हंगामात सगळे धान पणाला लावू नका. दहा पोत्यांतील नऊ नेहमीप्रमाणे विका, एक ठेवा. त्या एका पोत्याचा तांदूळ कोण घेतो, किती देतो आणि पुन्हा मागतो का, ते पाहा. पुन्हा मागणारी पाच घरे मिळाली की पुढच्या वर्षी दोन पोती ठेवा. यंत्राचा अर्ज त्यानंतर भरला तरी उशीर होणार नाही.