खोट्या नोंदीआड दडलेला रानपिंगळा

माचाळच्या उतारावर किंवा लांज्याच्या एखाद्या देवराईत अनोळखी शिकारी पक्षी दृष्टीस पडला, तर पाहणाऱ्याने काय करावे? प्रश्न क्षुल्लक वाटेल. परंतु रानपिंगळ्याची हकीकत ज्यांस ठाऊक आहे, त्यांना तो तसा वाटणार नाही.

घुबडांच्या कुळातील या पक्ष्याचा १८८४ नंतर शंभरांहून अधिक वर्षे खात्रीलायक पुरावा मिळाला नाही. कर्नल रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन यांनी मात्र १९१४ साली गुजरातेत तापीकाठच्या मांडवीस तो मिळविल्याची चिठ्ठी एका नमुन्यास लावली होती. ती धादांत खोटी होती. जेम्स डेव्हिडसन यांनी खानदेशात जमविलेला नमुना ब्रिटिश म्युझियममधून चोरून त्यास ते नवे नाव-गाव देण्यात आले होते. पामेला रासमुसेन यांनी हे कपट ओळखले, आणि जुन्या, खऱ्या नोंदींच्या आधारे त्या शोधास निघाल्या. नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ सातपुड्याच्या रानात बेन किंग व डेव्हिड ॲबट यांच्यासह त्यांना रानपिंगळा भर दिवसा बसलेला दिसला. पुढे २०१४ साली, कोणाच्या ध्यानीमनी नसता, तो मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यातही आढळला.

यातून लांजेकरांनी घ्यावयाचा बोध आम्हांस स्पष्ट दिसतो. रत्नागिरी जिल्ह्यातील रान बहुतांशी खाजगी मालकीचे आहे. तेथे ढोलीचे जुने झाड राखावयाचे की सरपणास द्यावयाचे, हे सरकारी हुकुमापेक्षा मालकाच्या मर्जीवरच अधिक ठरते. आणि रानपिंगळ्यासारखे पक्षी अशाच ढोलीत घरटे करतात. घुबड दिसताच अपशकुन म्हणून दगड उचलणारे हात आजही आपल्यात आहेत, हेही कबूल केले पाहिजे.

म्हणून आमची विनंती साधी आहे. अनोळखी पक्षी दिसल्यास दिवस, वेळ व ठिकाण लिहून ठेवावे, शक्य तर छायाचित्र घ्यावे व वनखात्यास कळवावे. खात्री नसेल, तर तसेच स्पष्ट लिहावे. घरट्याचा पत्ता मात्र गावभर करू नये. दुर्मिळ पक्षी पाहिल्याचा मान मिळविण्याच्या मोहात केलेली एक नोंद अभ्यासकांना कित्येक वर्षे भलत्या रानात हिंडवू शकते. खरी नोंद करणाऱ्या शेतकऱ्याचे किंवा शाळकरी मुलाचे उपकार मात्र पुढील पिढ्या मानतील.